तिसरं घर

पडद्यावरची सूचना सुजयने दोनदा वाचली. 'ही फाइल दुसऱ्या कुणीतरी उघडलेली आहे. तरीही बदल करायचे?'

दुसरं कुणीतरी म्हणजे कोण, हे यंत्राने सांगायची गरज नव्हती. जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्यापलीकडे, बारा पावलांवरच्या घरात, भागोजीकाका खिडकीशी आपला विंडोजचा कॉम्प्युटर लावून बसले असणार. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकायच्या बेतात. संध्याकाळी सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, देवासमोर वाचायची यादी ते शेवटची नजरेखालून घालत असणार. गेली बावीस वर्षं शिमग्याची यादी त्यांच्याच हातची असे.

सुजयने 'हो' दाबलं.

सूचना पाळायच्या त्या पलीकडच्यांनी. ती फाइल ज्या डब्यात प्रत्यक्ष राहत होती, तो डबा इकडे सुजयच्या माळ्यावर, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांशेजारी गुरगुरत होता. तो कामाला जायचा त्या मिरजोळ्याच्या कारखान्यातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर त्याने घरी आणला होता आणि त्यावर लिनक्स चढवलं होतं. पलीकडच्या विंडोजला आत यायचं तर दार ठोठावून, नाव सांगून, कड्याकुलपांचा मान राखून यावं लागे. सुजय घरातलाच. त्याला कसलं आलंय कुलूप?

यादी उघडली. उद्या सकाळी पालखी भोवनीला निघायची, घरोघर जायची. देव कुणाचं घर कितवं घेणार, त्याचा हा क्रम. पहिलं घर गावकराचं, दुसरं गुरवाचं. तिसऱ्या ओळीवर सुजयने बोट ठेवलं. श्री. भागोजी गणू मांडवकर. ओळ निवडली आणि पुसून टाकली. खालची सगळी घरं आपोआप एकेक पायरी वर सरकली. एकोणचाळीस घरांची अडतीस झाली, आणि तळाशी, नेहमीच्या जागी, श्रीमती सगुणा बाळा मांडवकर. त्याची आई.

एवढ्यात कारखान्यातून फोन आला. तिथलं कुठलंसं मशीन अडून बसलं होतं आणि सुजयवाचून कुणाचं पान हलत नव्हतं. तो अर्धा तास बोलत राहिला, पण डोळे त्या पडद्यावरच होते.

या यादीसाठी तो दोन वर्षं थांबला होता. दोन तरी कसली, वीस म्हणायला हवीत.

वीस वर्षांपूर्वी देवस्थानच्या जमिनीत कुणीतरी चिरेखाण सुरू केली. कुणीतरी म्हणजे गावातलीच चार वजनदार माणसं. सुजयच्या बापाने, बाळाने, तहसीलदाराकडे अर्ज केला. खाण बंद पडली. गावाने मग त्याचं उट्टं काढलं आणि बाळाचं घर वाळीत टाकलं. यादी ऐकायलाही त्यांना कुणी बोलावलं नाही. त्या शिमग्यात सुजय सतरा वर्षांचा होता. नवा सदरा घालून दारात उभा होता, आई ओटीचं ताट घेऊन, बाप हातात नारळ घेऊन. मांडवकरांच्या भावकीचा मान तिसऱ्या घराचा, आणि भावकीत थोरला म्हणून तो बाळाच्या दाराचा. पालखी आली, त्यांच्या बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी पोचली, ढोल एकदम थांबला. चाळीस-पन्नास माणसं मान खाली घालून, पाय न वाजवता पुढे गेली. गडगा ओलांडून काकांच्या अंगणात शिरल्यावर ढोल पुन्हा सुरू झाला. तिसरं घर तेव्हापासून भागोजीचं.

बाळा त्याच संध्याकाळी सहाणेवर गेला होता. पागोटं काढून चुलतभावासमोर उभा राहिला होता. भागोजीने कागदावरून नजरसुद्धा उचलली नाही. "देवासमोर वाचलेली यादी फिरवता येत नाय, दादा," एवढंच म्हणाला. नऊ शब्दही धड नसतील, पण ते बापाच्या काळजात जे रुतले ते अखेरपर्यंत निघाले नाहीत. तो नारळ बाळाने फोडला नाही, विसर्जितही केला नाही. देवघरात ठेवला, आतलं पाणी आटून खुळखुळायला लागला तरी ठेवला.

पुढे वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आला, गाव घाबरलं, पुढाऱ्यांनी गोड बोलून घर पुन्हा यादीत घेतलं. कुठे? तर सर्वांत शेवटी. दिवस कलंडल्यावर, भोई थकल्यावर, ढोलकऱ्यांचे हात सुजल्यावर पालखी दारात यायची, टेकली न टेकली की उठायची. तेवढंही बघायला बाळा उरला नव्हता. आदल्याच थंडीत गेला होता.

साप डूख धरतो म्हणतात. माणसाला सापाची बरोबरी करायला फार कष्ट पडत नाहीत. सुजय मुंबईला शिकला, नोकरी केली, परत आला, रत्नागिरीत रोज स्कूटरवरून जा-ये करू लागला. काकांना रस्त्यात भेटला की हसायचा. आणि दोन वर्षांपूर्वी काका स्वतःच गडग्याशी येऊन उभे राहिले.

"पोरा, माझ्या मशिनीची डिस्क खडखडायला लागलीय. देवाचं सगळं दप्तर हाय तिच्यात. याद्या, जुन्या वह्यांचे फोटो, शिमग्याच्या खेळ्यांची गाणी. तू कायतरी कर बाबा."

सुजय इतक्या पटकन हो म्हणाला की आईने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून बघितलं. मागणाऱ्याने आयतं कोलीत हातात आणून दिल्यावर नाही कोण म्हणेल? पंधरा दिवसांत त्याने सगळं दप्तर आपल्या डब्यात घेतलं. काकांच्या कॉम्प्युटरवर 'देवस्थान' नावाची एक पेटी दिसू लागली. ती आपल्याच टेबलावर आहे असं काकांना वाटायचं, पण ती होती सुजयच्या माळ्यावर. या दोन परक्या यंत्रणांमध्ये दुभाष्याचं काम करणाऱ्या प्रोग्रामचं नाव सांबा, असं त्याने सांगितलं तेव्हा काकांनी डोळे मिटून कपाळाला हात लावला होता. सांब सदाशिवावर भरवसा ठेवून ते निर्धास्त झाले. सुजयने ती समजूत मोडली नाही.

फोन संपला. चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. सुजयने 'जतन करा' दाबलं आणि यंत्राने दुसरी सूचना दिली. 'तुम्ही उघडल्यानंतर या फाइलमध्ये बदल झाला आहे. पुढे गेलात तर तो बदल पुसला जाईल.'

तो हसला. काकांची सवय त्याला पाठ होती. गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही; एकदा अख्ख्या दिवसाचं लिहिलेलं उडालं, तेव्हापासून काका दर दोन मिनिटांनी जतन करत. एक शब्द लिहायचा, जतन. खोकला आला, जतन. काही लिहिलं नाही, फक्त पाहिलं, तरी जतन. दाबलं असेल पुन्हा बटण.

त्याने 'पुढे जा' म्हटलं. मग एका ओळीचा हुकूम देऊन शेवटचा बदल भागोजींच्या नावावर चढवला. आता कुणीही पाहिलं तरी यंत्र एकच साक्ष देणार होतं, भागोजी मांडवकरांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं घर देवाच्या यादीतून काढलं. फाइल बदलली की जुनी प्रत बाजूला ठेवायची सोय त्यानेच त्या डब्यात केली होती. त्या प्रती तेवढ्या पुसायच्या राहिल्या. पण खाली रस्त्यावर ओमकारची बाइक वाजली. समितीचा चिटणीस ओमकार यादी छापून घ्यायला काकांकडे निघाला होता. सुजयला ते माळ्याच्या खिडकीतून बघायचं होतं. प्रती काय, संध्याकाळी पुसता येतील. माळ्यावर दुसरं कोण येतंय?

सहाणेवर दिवेलागणीला गाव गोळा झालं होतं. पालखी चौथऱ्यावर, देवाची रूपं म्हणजे मुखवटे लावलेली, अबोलीच्या वळेसरांनी झाकलेली. मुंबईचे चाकरमानी नव्या कपड्यांत, हातात मोबाइल. विठू गुरवाने गाऱ्हाणं घातलं. बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवाला त्याने हाक मारली, बाहेरची नड बाहेर ठेवायला सांगितलं, पोराबाळांना राखायला सांगितलं, आणि दर वाक्याला गाव "व्हय म्हाराजा" म्हणून ओरडलं. सुजयही ओरडला. त्याचा आवाज आज जरा जास्तच लागला होता.

ओमकारने खिशातला कागद काढून विठूच्या हातात दिला.

"पयलं घर गावकरांचं," विठू वाचू लागला. "दुसरं गुरवांचं. तिसरं…" तो अडखळला. कागद दिव्याजवळ नेला. "तिसरं तुकाराम रेवाळ्यांचं."

कुजबुज झाली. विठू थांबला नाही, थांबायची रीतच नव्हती. चौथं, पाचवं, दहावं. सुजय काकांकडे बघत होता. काका चौथऱ्याच्या पायरीशी उभे होते, दोन्ही हात काठीवर. तिसऱ्या नावाला त्यांनी मान वर केली होती ती तशीच होती. तिसावं, पस्तिसावं. "अडतिसावं, सगुणा बाळा मांडवकर. यादी पुरी झाली म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"अरे पुरी कसली?" काकांचा मुलगा गौरव गर्दीतून पुढे आला. कालच ठाण्याहून आला होता. "आमचं घर कुठं हाय?"

"मी जशी होती तशी छापली रे," ओमकार गडबडला. त्याने घाईघाईने मोबाइल काढला, सुजयनेच त्यात जोडून दिलेली देवस्थानची पेटी उघडली, बोट वरखाली केलं. "ही बघ. काकांच्याच नावाने सेव्ह झालीय. आजच, दुपारी."

सगळ्या माना काकांकडे वळल्या. हाच तो क्षण. सुजयने तो इतक्या वेळा मनात घोळवला होता की त्याचे कोपरे झिजले होते. आता म्हातारा हात जोडणार, गयावया करणार, आणि कुणीतरी त्याला तेच उत्तर देणार. कुणी नाही दिलं तर सुजय देणार होता. जिभेवर आणून ठेवलं होतं.

काकांनी तोंड उघडलं. काहीतरी म्हणायला गेले, गर्दीत कुणालातरी शोधलं, आणि त्यांची नजर सुजयवर येऊन थांबली. मग ती खाली गेली.

"गौरव, गप ऱ्हव," ते म्हणाले. "यादी माझी, चूक माझी. देवासमोर वाचून झाली. आता तिला हात लावायचा नाय."

"बाबा, पण आईने सकाळपासून…"

"नाय म्हटलं ना."

सुजयला आनंद झाला. खोटं कशाला बोला, झालाच. वीस वर्षं साचलेलं काहीतरी छातीतून खाली उतरलं. बापाची मान त्या दिवशी जिथे खाली गेली, त्याच दगडावर भागोजीची गेली, त्याच चार माणसांसमोर. एवढंच खटकलं की म्हाताऱ्याने भीक मागितली नाही. ताटात सगळं होतं, मीठ राहिलं होतं. तरी घरी येताना सुजय शीळ वाजवत आला.

सगुणा पायरीवर बसली होती. गुडघ्यांमुळे तिला सहाण चढवत नसे. अंगण सारवलेलं होतं, बेड्यापासून दारापर्यंत. कोनाड्यातून पितळी समया निघाल्या होत्या, चिंचेने घासून उन्हात ठेवल्यासारख्या लखलखत होत्या. तिच्या मांडीवर हिरवा खण होता. नवा.

"वाचली?" तिने विचारलं. डोळे हसत होते. "कितवं?"

"कितवं म्हणजे? शेवटचंच."

"चेष्टा नको करूस हां."

"चेष्टा कसली आई? अडतिसावं. पण एक गंमत झाली…"

"तिसरं," सगुणा म्हणाली. "आपलं तिसरं हाय यंदा. भावजी सांगून गेलेत."

सुजयची शीळ कुठल्या कुठे गेली.

"दुपारी मागच्या दाराने आले होते," ती सांगू लागली. "तू वर होतास. चहा घेतला माझ्या हातचा. वीस वर्षांनी घेतला. म्हणाले, वहिनी, भावकीचा मान हाय, कोणच्या दारात घ्यायचा ते मी ठरवायचं. दादाचा होता, दादाच्या दारात गेला पायजे. माझं घर शेवटी घातलंय. म्हणाले, सुजयला आत्ता सांगू नको, सहाणेवर ऐकू दे त्याला. त्याच्या बापाचं नाव त्याने गावासमोर ऐकलं पायजे." ती थांबली. "तू नीट ऐकलंस ना रे?"

"बघतो," सुजय म्हणाला, आणि चप्पल न काढता माळ्यावर चढला.

डबा गुरगुरत होता. त्याने जुन्या प्रतींची यादी उघडली. चार पंचवीस, भागोजी. ती त्याची स्वतःची. तिच्याखाली चार दहा, भागोजी. तो त्याने पुसलेला बदल. त्याने ती प्रत उघडली.

'३. श्रीमती सगुणा बाळा मांडवकर. (कै. बाळा यांचा मान, पूर्वीपासूनचा.)'

खाली, अगदी खाली, '३९. भागोजी गणू मांडवकर.' आपल्या नावाआधी श्री लावायचंही म्हाताऱ्याला सुचलं नव्हतं.

सुजय पेटीवर बसला. पहिल्यांदा त्याला आला तो राग. वीस वर्षांनी एक ओळ लिहिली म्हणजे फिटलं? अकरा वर्षं ढोल थांबत होता त्याचं काय? आणि लिहायचीच होती, तर दहा वर्षं आधी का नाही लिहिली, बाप जिवंत असताना? सूड घ्यावा तर तोही या माणसाने निर्मळपणे घेऊ दिला नाही. त्याने चार दहाची प्रत निवडली. पुसायचं बटण बोटाखाली होतं. ती प्रत गेली की भागोजीने काही लिहिलं होतं याला पुरावाच उरणार नव्हता. आईच्या लेखी म्हातारा पुन्हा एकदा खोटारडा ठरला असता, आणि सगळं होतं तिथे, सवयीच्या जागी, परत गेलं असतं.

"वहिनी," खालून हाक आली.

त्याने बटण दाबलं नाही. का, ते त्याला नंतरही सांगता आलं नसतं.

तो खाली आला तेव्हा काका पायरीवर उभे होते, बॅटरी हातात. सगुणाने त्यांना बसा म्हटलं नव्हतं. ती खणाची घडी उलगडत आणि परत घालत होती.

"मी लिवलं होतं, वहिनी," काका म्हणाले. "देवाची शपथ. तिसरं म्हणून तुमचंच लिवलं होतं. काय झालं ते माझं मलाच कळत नाय."

"मग तिथं बोलला का नाय?" सगुणाचा आवाज कोरडा होता.

"कुठच्या तोंडाने बोलू? दादा उभा होता त्याच जागी मी उभा होतो. त्याला जे सांगितलं, ते मला लागू नाय?" त्यांनी सुजयकडे बघितलं. "पोरा, माझं काय चुकलं असेल रे? मी दोनदा जतन केलं. डोळ्यांना दिसत नाय नीट, हाताला कळत नाय. पुढच्या वर्षी तू जवळ बस माझ्या. नीट शिकव मला. मी परत लिवीन."

सुजय आईच्या हातातल्या खणाकडे बघत राहिला.

"सुजय," सगुणा म्हणाली, "तूच म्हणायचास ना, तुझी मशीन काय विसरत नाय म्हणून? सगळ्या जुन्या प्रती ठेवते म्हणून? मग बघ की. भावजींनी लिवलं असेल तर दिसेल. नसेल लिवलं तर तेही दिसेल."

तो लॅपटॉप खाली घेऊन आला. उंबऱ्यावर ठेवला, उघडला. म्हातारी दोघं त्याच्या दोन्ही बाजूंना वाकली. त्याने चार दहाची प्रत पडद्यावर आणली आणि अक्षरं मोठी केली.

सगुणाने तिसरी ओळ वाचली. सातवी शिकलेली बाई, ओठ हलवत वाचली. नवऱ्याच्या नावाशी थांबली, पदर डोळ्यांना लावला. पलीकडे काकांच्या घरात गोदाकाकी कुणाला तरी काहीतरी विचारत होती, गौरव चिडून उत्तर देत होता.

"लिवलं होतंत," सगुणा शेवटी म्हणाली. "मी उगा तुम्हाला…"

"जाऊ दे ओ."

"मग ही वरची काय?" तिने पडद्यावर बोट टेकवलं. "चार पंचवीस. ही पण तुमच्याच नावाची. ही कोणी केली?"

सुजय पडद्याकडे बघत राहिला. त्याला काकांकडे बघवेना, आणि काका आपल्याकडे बघताहेत हे मानेला कळत होतं. काका वाकलेले होते ते हळूहळू सरळ झाले. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मीच केली असेल, वहिनी," ते म्हणाले. "जाता जाता परत बटण दाबलं असेल. मेली सवय. भलतीच ओळ उडाली असेल."

"चार पंचवीसला तुम्ही माझ्या चुलीपुढं चहा पीत होतात, भावजी. साडेचारला नळाला पाणी आलं, मग तुम्ही उठलात. हंडा उचलायला हात लावलात मला."

"घड्याळं पुढं-मागं असतात."

"असतात," सगुणा म्हणाली.

काका बॅटरी लावून पायऱ्या उतरू लागले. सुजयने 'काका' म्हणून हाक मारायला तोंड उघडलं. काकांनी न वळताच हात वर केला, राहू दे म्हटल्यासारखा. गडग्याच्या खिंडीशी ते पोचले तेव्हा सगुणाने मोठ्याने हाक दिली.

"भावजी! उद्या गोदाला घेऊन इकडंच या. पोराबाळांना पण आणा. देव तुमच्या दारात येणार नाय, पण माझ्या दारात येणार हाय, शेवटी का होईना. आम्ही दोघी मिळून ओटी भरू."

"येतो," पलीकडून आवाज आला. मग दार लागलं.

सगुणा उठली. गुडघ्यावर हात टेकून, नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून उठली. समया एकेक करून आत नेल्या. खण ताटात ठेवला, त्यावर नारळ. मग स्वयंपाकघरात जाऊन विळी मांडली आणि सोलं भिजत घातली. सुजय उंबऱ्यावरच होता. आई आता काहीतरी विचारील, मग आपण सांगू, असं तो मनाशी म्हणत होता. कुठून सुरुवात करायची, ते जुळवत होता.

तिने काही विचारलं नाही. दोघांची पानं वाढली, त्याला जेवायला हाक मारली. तो येऊन बसल्यावर त्याच्या भातावर आमटी घातली, आणि वाटी खाली ठेवता ठेवता म्हणाली,

"उद्या तू पालखीला खांदा द्यायचा नायस."

"बरं," सुजय पानाकडे बघत म्हणाला.